मैदानापासून एक किलोमीटर

24 मार्च 1976 च्या पहाटे अर्जेंटिनाच्या लष्करानं राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरॉन यांना हटवलं आणि रेडिओ-टीव्ही ताब्यात घेतले. दिवसभर संचलनाची गाणी वाजत होती आणि अधूनमधून क्रमांक घातलेली लष्करी निवेदनं वाचली जात होती. संसद बरखास्त झाली, पक्षांचं राजकारण बंद झालं, कामगार संघटना लष्कराच्या हाती गेल्या. त्यातलं 23 क्रमांकाचं निवेदन मात्र फुटबॉलबद्दल होतं. राष्ट्रीय संघाचा त्या दिवशी पोलंडमध्ये सामना होता आणि तो ठरल्याप्रमाणे दाखवला जाईल, एवढंच त्यात म्हटलं होतं. अर्जेंटिनानं तो 2-1 असा जिंकला. सत्ता घेतल्यापासून चोवीस तासही उलटले नव्हते, तोवर राज्यकर्त्यांनी ओळखलं होतं की या देशात काय बंद करता येतं आणि काय बंद करता येत नाही.

आपल्याकडे अर्जेंटिनाचं वेड प्रामुख्यानं मॅराडोनापासूनचं आणि मग मेस्सीचं. वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये निळे-पांढरे झेंडे लागतात, 1986 आणि 2022 च्या आठवणी निघतात. अर्जेंटिनाचा पहिला विश्वचषक 1978 चा, स्वतःच्याच देशात जिंकलेला. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. गंमत अशी की खुद्द अर्जेंटिनातही त्याबद्दल बोलताना लोक चाचरतात.

या स्पर्धेचं यजमानपद लष्करानं मिळवलेलं नव्हतं. फिफानं ते 1966 मध्येच देऊन ठेवलं होतं. मधल्या दहा वर्षांत देशानं लष्करी सरकारं पाहिली, हुआन पेरॉन यांचं पुनरागमन आणि मृत्यू पाहिला, त्यांच्या पत्नीचं दुबळं सरकार पाहिलं. महागाई आकाशाला भिडली होती. एकीकडे मोन्तोनेरोंसारख्या डाव्या गनिमी संघटना अपहरणं आणि हत्या करत होत्या, दुसरीकडे सरकारातल्याच लोकांच्या आशीर्वादानं उजव्या मारेकऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या. त्यामुळे लष्कर आलं तेव्हा बऱ्याच लोकांना, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं होतं.

भूदलाचे विदेला, नौदलाचे मासेरा आणि हवाई दलाचे अगोस्ती या त्रिकुटाची दडपशाही शेजारच्या चिलीपेक्षा वेगळ्या पद्धतीची होती. चिलीत 1973 मध्ये पिनोशेनं सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्येच हजारो लोकांना कोंडलं आणि ती छायाचित्रं जगभर गेली. अर्जेंटिनाच्या सेनापतींनी त्यातून धडा घेतला. इथे साध्या वेशातली माणसं रात्री येत, बिननंबरच्या गाडीत घालून माणूस नेत आणि मग त्याची कुठेही नोंद नसे. पोलीस ठाण्यात विचारलं तर माहीत नाही, न्यायालयात अर्ज केला तर असा कोणी कैदी नाही. विद्यार्थी, कामगार पुढारी, पत्रकार, वकील, काही गनिमी लढवय्ये आणि नुसतेच कुणाच्या वहीत फोन नंबर सापडला म्हणून उचललेले. छळानंतर अनेकांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून ला प्लाता नदीच्या मुखाशी आणि समुद्रात फेकलं गेलं. 1995 मध्ये एका माजी नौदल अधिकाऱ्यानं स्वतःच हे जाहीरपणे सांगितलं. 1978 मध्ये हा तपशील बाहेर आलेला नव्हता, पण माणसं नाहीशी होत आहेत हे मात्र ज्याला जाणून घ्यायचं होतं त्याला कळत होतं.

या दडपशाहीचं सर्वांत कुप्रसिद्ध केंद्र म्हणजे ब्यूनोस आयर्समधली नौदलाची तंत्रशाळा, एस्मा. रुंद रस्ता, पांढरे खांब, पुढे हिरवळ. तिथून सुमारे पाच हजार माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. त्यातली मोजकीच जिवंत परतली. आणि या इमारतीपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर मोनुमेंताल स्टेडियम आहे. उद्‌घाटनाचा आणि अंतिम सामना तिथेच व्हायचा होता.

सेनापतींना वर्ल्ड कप हवा होता, पण कुणाच्या हातात, यावर भांडण होतं. संयोजन समितीचे पहिले प्रमुख जनरल ओमर अक्तिस काटकसरीचे गृहस्थ. 19 ऑगस्ट 1976 रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सरकारनं खापर गनिमांवर फोडलं. कुजबुज मात्र नौदलाच्या दिशेनं होत राहिली. त्यानंतर समितीची खरी सूत्रं मासेरा यांचे विश्वासू कार्लोस लाकोस्ते यांच्याकडे गेली आणि खर्चावरचा लगाम सुटला. कोर्दोबा, मेन्दोसा आणि मार देल प्लाता इथे नवी स्टेडियम उभी राहिली, विमानतळ सुधारले गेले, रंगीत प्रक्षेपणाचं नवं केंद्र बांधलं गेलं. अधिकृत आकडाच 50 कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्या रंगीत केंद्राची गोष्ट तर ऐकण्यासारखी. रंगीत चित्र परदेशी प्रेक्षकांसाठी गेलं, अर्जेंटिनातल्या बहुतेक घरांत मात्र सामने कृष्णधवलच दिसले. ज्यांच्या पैशातून केंद्र उभं राहिलं, त्यांच्यासाठी ते नव्हतंच.

देशाची प्रतिमा उजळण्यासाठी बर्सन-मार्स्टेलर ही अमेरिकी जनसंपर्क कंपनी नेमली गेली. स्टेडियमजवळच्या बाहो बेल्ग्रानो भागातली झोपडपट्टी हटवली गेली. रोसारियोत विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यालगतची गरीब वस्ती दिसू नये म्हणून भिंत घातली गेली. पाहुणे येणार म्हटल्यावर वस्त्यांपुढे हिरवी कापडं ताणायची रीत आपल्याकडेही नवी नाही. रोसारियोत ती सिमेंटची होती, एवढंच.

याच काळात युरोपात प्रश्न उभा राहिला : या स्पर्धेला जावं का? 1977 च्या अखेरीस फ्रान्समध्ये बहिष्कारासाठी 'कोबा' नावाची समिती स्थापन झाली. गावोगाव तिच्या दोनशेहून जास्त शाखा निघाल्या आणि दीड लाखांच्या आसपास सह्या जमल्या. त्यांचा मुख्य दाखला 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकचा होता. नेदरलँड्समध्ये फ्रेक दे योंगे आणि ब्राम फेर्मेयूलेन या विनोदी कलाकारांच्या जोडीनं 'गोलपोस्टवर रक्त' या नावानं मोहीम चालवली. पश्चिम जर्मनीतल्या अॅम्नेस्टीनं मात्र बहिष्कार मागितला नाही. फुटबॉल चालेल, छळ चालणार नाही, अशी त्यांची घोषणा होती. खेळाडू आणि पत्रकार तिथे गेले तरच काही दिसेल, असा त्यांचा हिशेब. 23 मे रोजी फ्रान्सचे प्रशिक्षक मिशेल हिदाल्गो यांना बोर्दोजवळ पळवून नेण्याचाही प्रयत्न झाला. अर्जेंटिनाला होणाऱ्या फ्रेंच शस्त्रविक्रीकडे लक्ष वेधायचं होतं म्हणे. ते निसटले आणि चळवळीची मात्र बदनामी झाली.

सर्वांत अवघड अवस्था झाली ती देश सोडून आलेल्या अर्जेंटिनी लोकांची. यांची भावंडं, मित्र एस्मासारख्या जागांत होते. तरी त्यांच्यातल्या अनेकांना बहिष्कार मान्य नव्हता. मोन्तोनेरोंची अधिकृत भूमिकाही, संघ येऊ द्या, प्रेक्षकांनाच साक्षीदार करा, अशी होती. त्यामागे डावपेच होते, आणि साधी गोष्ट अशीही होती की यांनाही आपला देश जिंकायला हवा होता. पॅरिसमधल्या फ्रेंच तरुणाला बहिष्कार सोपा होता. त्याचं त्या संघात काही अडकलेलं नव्हतं.

शेवटी सोळाही संघ आले. हॉलंडचा योहान क्रॉइफ आला नाही आणि तो राजकीय निषेध होता, असं पुढे तीस वर्षं सांगितलं गेलं. 2008 मध्ये त्यानं स्वतःच खुलासा केला की बार्सिलोनात त्याच्या घरात शिरून कुटुंबासह त्याला पळवण्याचा प्रयत्न झाला होता आणि त्यानंतर घर सोडून जाण्याची त्याची मनःस्थिती नव्हती. आपल्याला नायक हवे असतात, म्हणून ती दंतकथा इतकी टिकली असावी. जाता जाता, आपल्याशी संबंधित एक गोष्ट. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हॉकीचा वर्ल्ड कपही ब्यूनोस आयर्समध्येच झाला होता. पाकिस्ताननं तो जिंकला, भारत सहावा आला. आणीबाणी उठून वर्ष झालेल्या देशाचा संघ या शहरात खेळून परत आला. हॉकीवर फुटबॉलएवढा प्रकाशझोत नव्हता, म्हणून तिच्याबाबतीत कोणाला एवढे प्रश्न पडले नाहीत.

1 जून 1978 हा गुरुवार होता. दुपारी मोनुमेंतालवर कबुतरं सोडली गेली, शाळकरी मुलांनी कवायती केल्या, विदेला यांनी शांततेवर भाषण केलं. पण गुरुवार हा दुसऱ्याही एका गोष्टीचा वार होता. एप्रिल 1977 पासून बेपत्ता मुलांच्या आया राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या प्लासा दे मायो चौकात दर गुरुवारी जमायच्या. घोळक्यानं उभं राहायला बंदी, म्हणून चालत राहायच्या. डोक्याला पांढरे रुमाल. डिसेंबर 1977 मध्ये त्यांच्यातल्या आसुसेना विजाफ्लोर आणि इतर काही जणींना, त्यांच्याबरोबर दोन फ्रेंच नन्सना पळवून नेऊन मारण्यात आलं, तरी उरलेल्या येतच राहिल्या. देशातली वर्तमानपत्रं त्यांचं नावही छापत नव्हती. वर्ल्ड कपसाठी आलेल्या डच पत्रकारांनी कॅमेरा घेऊन त्यांना गाठलं. आमची मुलं कुठे आहेत एवढंच आम्हाला सांगा, तुम्हीच आमची शेवटची आशा आहात, असं त्या बायका रडत, एकमेकींना थांबवत कॅमेऱ्यासमोर सांगत होत्या. ते चित्रण युरोपात दाखवलं गेलं. वर्ल्ड कप नसता तर तो कॅमेरा त्या चौकात आला असता का? बहिष्काराच्या बाजूनं मन झुकलं तरी हा प्रश्न मला झटकता येत नाही.

अर्थात सगळ्याच पाहुण्यांना दिसलं असं नाही. पश्चिम जर्मनीचा कप्तान बेर्टी फोग्ट्स म्हणाला की या देशात चांगली शिस्त आहे आणि आपल्याला एकही राजकीय कैदी दिसला नाही. देशातल्या पत्रकारितेनं तर कमालच केली. 'एल ग्राफिको' या प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकानं डच कप्तान रूड क्रोल यानं आपल्या लहान मुलीला लिहिलेलं पत्र म्हणून एक मजकूर छापला. बाबा इथे सुखात आहेत, त्यांची काळजी घेणारे शिपाई आहेत आणि त्यांच्या बंदुकीतून फुलं उडतात, असा त्याचा आशय. क्रोलनं असं काही लिहिलंच नव्हतं. पत्र बनावट होतं.

एक किरकोळ वाटणारा झगडा मात्र लोकांनी जिंकला. अर्जेंटिनी प्रेक्षकांना संघ मैदानात उतरताना कागदाचे कपटे उधळायची सवय. जगापुढे कचरा नको म्हणून लोकप्रिय रेडिओ समालोचक होसे मारिया मुन्योस यांनी कागद न फेकण्याची मोहीम चालवली. 'क्लारिन' या दैनिकात कालोई या व्यंगचित्रकाराचं क्लेमेन्ते नावाचं बिनहातांचं, पट्ट्यापट्ट्यांचं पात्र होतं. त्यानं रोजच्या पट्टीतून उलटा सूर लावला : फेका, पोरांनो, फेका! स्पर्धा पुढे सरकली तसे कपटे वाढत गेले, अंतिम सामन्यात तर हिरवळ पांढरी झाली. त्याला क्रांती म्हणायचं कारण नाही. पण सरकारच्या मर्जीविरुद्ध हजारो माणसांनी एकत्र येऊन उघडपणे केलेली त्या दिवसांतली ही बहुधा एकमेव गोष्ट असेल.

अर्जेंटिनाच्या संघाचे प्रशिक्षक सेसार लुईस मेनोत्ती डाव्या विचारांचे होते. सतरा वर्षांच्या मॅराडोनाला त्यांनी संघाबाहेर ठेवलं. हंगेरी आणि फ्रान्स यांना 2-1 नं हरवून आणि इटलीकडून 1-0 नं हरून संघ दुसऱ्या फेरीसाठी रोसारियोला गेला. तिथे आघाडीचा खेळाडू केम्पेस याला सूर सापडला. 21 जूनला परिस्थिती अशी होती की ब्राझीलनं आपला सामना आधीच संपवला होता आणि अर्जेंटिनाला अंतिम फेरीसाठी पेरूला निदान चार गोलांनी हरवणं भाग होतं. निकाल 6-0. सामन्याच्या सुमारास विदेला अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना घेऊन पेरूच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले होते, आणि पेरूचा गोलरक्षक किरोगा रोसारियोतच जन्मलेला. पेरूच्या सरकारला धान्य आणि कर्ज देऊन सामना ठरवला गेला, असे आरोप आजवर होत आले; सिद्ध काहीच झालं नाही. त्या रात्रीची आणखी एक गोष्ट. वर्ल्ड कपच्या उधळपट्टीवर उघड टीका करणारे अर्थ खात्याचे सचिव हुआन आलेमान यांच्या घरी बॉम्ब फुटला, तो अर्जेंटिनाचा चौथा गोल झाला त्याच सुमारास. इतका मुहूर्त साधणारे हात कोणाचे, हे कधीच ठरलं नाही.

25 जूनच्या हॉलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला 1-1 अशी बरोबरी असताना डच रेन्सेनब्रिंकचा चेंडू गोलपोस्टला लागून परत आला. तो आत गेला असता तर... पण असल्या जर-तरला अंत नाही. जादा वेळेत केम्पेस आणि बेर्तोनी यांनी गोल केले, 3-1. विदेला यांनी कप्तान पासारेला याच्या हाती चषक दिला. समारोपाच्या मेजवानीला डच खेळाडू गेले नाहीत. कारण राजकीय होतं की सामन्यातल्या वादावादीचं, यावर खुद्द त्यांच्यातही एकवाक्यता नाही.

एस्मामध्ये त्या वेळी काय चाललं होतं, हे वाचलेल्या कैद्यांनी पुढे न्यायालयांत आणि मुलाखतींत सांगितलं. मैदानावरचा जल्लोष आत ऐकू येत होता. काहींना टीव्हीसमोर बसवलं होतं. सामना संपताच छळाचा सूत्रधार, कॅप्टन अकोस्ता, आपण जिंकलो, जिंकलो असं ओरडत आला आणि कैद्यांना मिठ्या मारू लागला. मग अधिकाऱ्यांनी काही जणांना गाडीत घालून जल्लोष दाखवायला शहरात नेलं. त्यातली एक तरुणी पेजो गाडीच्या छतातून डोकं बाहेर काढून उभी राहिली. चहूबाजूंनी माणसांचा महापूर, गाणी, झेंडे. मी बेपत्ता आहे असं इथे ओरडले तर कोणाचं लक्षसुद्धा जाणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

पण हे एकरंगी चित्र नाही. ला प्लाताच्या तुरुंगात असलेल्या आदोल्फो पेरेस एस्किवेल यांनी सांगितलं आहे की पहारेकऱ्यांना सामने ऐकायचे असल्यानं लाउडस्पीकरवर समालोचन लागायचं आणि गोल झाला की कैदी आणि पहारेकरी एकाच आवाजात ओरडायचे. एस्किवेल वर्ल्ड कप संपत आला असताना सुटले. 1980 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. प्लासा दे मायोतल्या एका आईची आठवण आहे की ती स्वयंपाकघरात रडत होती आणि मुलांचा बाप बाहेर टीव्हीसमोर गोल झाल्यावर ओरडत होता. हे वाचल्यावर सामने पाहणाऱ्यावर दोष ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्या बापाला काय चाललं आहे ते पुरतं ठाऊक होतं. फोग्ट्स तर काही आठवडे पाहुणा होता, तिथे एक किलोमीटरवर काय आहे ते विचारायची मुभा असलेला, आणि त्यानं विचारलं नाही. हिशेब मागायचाच तर त्याच्याकडे, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांकडे आणि फिफाकडे मागावा लागेल. फिफानं मात्र लाकोस्ते यांना पुढे आपलं उपाध्यक्ष केलं.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, 26 जूनला, लाउरा कार्लोतो या बंदिवान तरुणीनं मुलाला जन्म दिला. मूल काढून घेतलं गेलं, तिला ऑगस्टमध्ये मारलं. तिची आई एस्तेला पुढे अशा हरवलेल्या नातवंडांच्या आज्यांच्या संघटनेची प्रमुख झाली. या संघटनेच्या अंदाजानं अशी सुमारे पाचशे बाळं होती. एस्तेला यांचा नातू 2014 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सापडला.

राज्यकर्त्यांना त्या जूनमध्ये हवं ते मिळालं, असं तेव्हा वाटलं खरं. सप्टेंबर 1979 मध्ये अमेरिकी राष्ट्रसंघटनेचा मानवाधिकार आयोग चौकशीला आला, तेव्हा त्यांनी तोच डाव पुन्हा टाकला. 7 सप्टेंबरला मॅराडोनाच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनाच्या युवा संघानं टोकियोत विश्वचषक जिंकला. ब्यूनोस आयर्सच्या आवेनिदा दे मायोवर तेव्हा बेपत्तांचे नातेवाईक तक्रारी नोंदवायला रांग लावून उभे होते. रस्त्यावर या, आयोगाला खरा अर्जेंटिना दाखवा, असं आवाहन रेडिओवरून मुन्योस यांनी केलं आणि जल्लोष करणारी गर्दी त्या रांगेवर येऊन आदळली. रांग मोडली नाही. साडेपाच हजारांहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या आणि 1980 च्या अहवालानं राजवटीचं पितळ उघडं पडलं. महागाई चषकामुळे कमी झाली नव्हतीच. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरचं युद्ध हरल्यावर सेनापतींना जावं लागलं. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगानं 1984 मध्ये जवळपास नऊ हजार बेपत्तांची नोंद केली; मानवाधिकार संघटना तीस हजार म्हणतात. विदेला यांना 1985 मध्ये जन्मठेप झाली, 1990 मध्ये माफी मिळाली, पुन्हा खटले झाले आणि 2013 मध्ये ते तुरुंगातच वारले.

विजेत्या खेळाडूंचा निकाल कोणी लावला नाही. मेनोत्ती शेवटपर्यंत सांगत राहिले की आपण खेळलो ते प्रेक्षकांतल्या सामान्य माणसांसाठी, मानाच्या कक्षातल्या सेनापतींसाठी नाही. 29 जून 2008 रोजी मानवाधिकार संघटनांनी एस्मापासून मोनुमेंतालपर्यंत मोर्चा काढला आणि मैदानात एक स्मरण-सामना ठेवला. 1978 च्या संघातले रिकार्दो विजा, लेओपोल्दो लुके आणि रेने हाउसमान आले. विजा म्हणत आला होता की आपला राजकारणासाठी वापर झाला यात शंका नाही. लुके म्हणत होता की आज जे ठाऊक आहे त्यानंतर त्या विजयाचा अभिमान बाळगता येत नाही. बहुतेक सहकाऱ्यांनी येणं टाळलं. आपण फुटबॉल खेळलो, तो चांगला खेळलो, आणि त्याची माफी मागण्यासारखं काही केलेलं नाही, असं त्यांच्यापैकी अनेकांचं आजही म्हणणं आहे.